झमकू याडीच्या नावावरचा शेरा

पंधरा ऑगस्टची दुपार होती. यवतमाळच्या आमच्या शाळेतलं झेंडावंदन, कवायत, भाषणं, पेढे सगळं आटोपून मी घरी आलो, तर ओसरीवर देवसिंग बसलेला. पावसानं भिजलेला, चपला दाराबाहेर, डोक्याचं फडकं मांडीवर. राळेगावच्या बाजूला ज्या बंजारा तांड्यावर मी मास्तरकीला सुरुवात केली, तिथला हा. "याडी गेली मास्तर," तो म्हणाला. "दहा रोज झाले." याडी म्हणजे आई. सख्खी त्याची, पण सगळा तांडा तिला झमकू याडीच म्हणायचा आणि मीही. कशानं गेली विचारलं, तर चार दिवसांचा ताप म्हणाला. चहा संपवून उठताना म्हणाला, "जाच्या आधी मले म्हणे, मास्तरले विचारजा, पुस्तकातलं थे खोडलं का म्हणून." मी त्याला काय उत्तर दिलं ते लिहायची लाज वाटते. मी म्हणालो, "बघतो." दहा वर्षं तिलाही मी हेच म्हणत आलो होतो.

तीन आठवडे होऊन गेले तरी माझा राग उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहावेत अशी रीत आहे. झमकू याडीबद्दल गोड शब्द मी पोतंभर लिहीन, पण ते तिच्या काय कामाचे? तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी दिली नाही. तेव्हा वाचकांनी या लेखात हळवेपणा शोधू नये. मी चिडलेलो आहे, आणि ज्याच्यावर सगळ्यात जास्त चिडलोय तो माणूस रोज सकाळी दाढी करताना समोर दिसतो.

छप्पन साली मी तांड्यावर रुजू झालो. एका मास्तरची शाळा, कुडाच्या भिंती, पुढं सागाचा उंच दांडा रोवलेला. झमकू याडी शाळेत पाणी भरायची. डोक्यावर एकावर एक दोन घागरी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अंगावर आरशाचा घागरा. ती आली की तिच्या आधी तिचा आवाज यायचा. बोलण्यात तिनं कुणाची भीड ठेवली नाही, मास्तरची तर नाहीच. मी तेव्हा विशीतला, स्वतःला फार शहाणा समजणारा. शाळेचा झेंडा पत्र्याच्या ट्रंकेत असायचा आणि खडू फुटू नयेत म्हणून खडूचा डबा मी त्या झेंड्यात गुंडाळून ठेवायचो. पावसाळ्यात माझं धोतर वाळेना, म्हणून दांड्याची दोरी आडवी बांधून त्यावर वाळत घालायचो. एक दिवस तिनं धोतर काढून माझ्या हातात दिलं. "दोरी झेंड्याची, धोतर तुमचं," एवढंच म्हणाली. ट्रंक उघडीच होती, त्यात तिला खडूचा डबा दिसला. "मास्तर, तुमच्या बापाचा फेटा असा गुंडाळला असता का खडूले?" मी हसलो. म्हणालो, बाई, शेवटी कापडच आहे ते. तिनं घागर खाली ठेवली. "मंग सलाम कायले करता त्याले?"

मी झेंड्यातून खडूचा डबा बाहेर काढला.

त्या दिवसापासून झेंडा तिनं आपल्या ताब्यात घेतला. मी दिला असं नाही, तिनं घेतला. रिठ्याच्या पाण्यात हलक्या हातानं धुवायची, पिळायची नाही. काट्याच्या कुंपणावर कपडे वाळत घालायची सगळ्या तांड्याची सवय, पण झेंडा सावलीत, खाटेवर स्वच्छ धोतर पसरून त्यावर वाळायचा, आणि तो वाळेस्तोवर ती शेजारी बसून राहायची, कोंबडी चढू नये म्हणून. मग घडी करून आपल्या लग्नातल्या ओढणीशेजारी ठेवायची. दांड्याला बकरी बांधायची नाही, दांड्याखाली बिडी ओढायची नाही, हे कायदे तिचेच. नायकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, एकदा दांड्याला टेकून बिडी पेटवली, तर सगळ्या पोरांसमोर तिनं त्याला उठवलं. नायक वैतागला खरा, पण उठला. पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला की ती पदर सावरून उभी राहायची आणि संध्याकाळी दिवस बुडायच्या आत तो उतरलाच पाहिजे म्हणून माझ्यामागं लकडा लावायची. अंधारात त्याला एकट्याला वर ठेवायचं नाही, असं तिचं म्हणणं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नियमात तसंच आहे हे मला पुष्कळ नंतर कळलं... ज्याला वाचता येत होतं त्याला.

अठ्ठावन्नच्या जानेवारीत झेंड्याची वाऱ्याकडची कड उसवली, दोन बोटं फाटलीही. मी तिला म्हणालो, जरा टाके घाल. फाटका झेंडा फडकवायचा नाही, त्याच्यावर काही जोडायचं नाही, तो एकांतात मानानं नष्ट करायचा, असं सांगणारं खात्याचं परिपत्रक त्याच ट्रंकेच्या तळाशी पडलं होतं. मी ते उलगडूनही पाहिलं नव्हतं. सव्वीस जानेवारीच्या सकाळी ती आंघोळ करून झेंडा घेऊन आली. तिनं नुसते टाके घातले नव्हते. उसवलेल्या कडेला बारीक शिवण घालून त्यावर पांढऱ्या कवड्यांची ओळ बसवली होती, तिच्या स्वतःच्या ओढणीवरच्या कवड्या काढून. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "माझा सासरा सांगे मास्तर. बैलावर मीठ, धान्य लादून तांडा चाले ना, तवा समोरच्या बैलाले कवड्या बांधत. सारे त्याच्या मागं. आता आपल्या समोर हा चालते का नाई?"

मला ते आवडलं होतं. हे मी आज लिहून देतो. मी तिला "बेस केलं याडी" म्हणालो आणि माझ्या हातानं तो झेंडा घडी करून चढवला; लोकांना कवड्या दिसल्या त्या वर उलगडल्यावरच. वारा आला की वर कवड्या किणकिणायच्या. पोरं माना वर करून हसत होती, म्हाताऱ्या कडेवरच्या लेकरांना बोट करून दाखवत होत्या. शाळेचं झेंडावंदन पाहायला तांडा इतका लोटलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुपारी तपासनीस साहेब आले. राळेगावचा कार्यक्रम उरकून कुणाच्या तरी जीपमधून परत जात होते, वाटेत शाळा दिसली म्हणून उतरले. वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "उतरवा ते," म्हणाले. त्यांच्याबरोबरच्या माणसानं दोरी अशी खेचली की झेंडा धपकन खाली आला. झमकू याडी पुढं धावली, पण तोवर त्याचं टोक मातीला लागलं होतं. साहेबांनी झेंडा टेबलावर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या एका कोपऱ्यावर हातातली चहाची कपबशी ठेवली. माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत. मग विचारलं, "हा आचरटपणा कुणाचा?"

सगळा तांडा उभा होता. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "बाईनं केलं साहेब. मला न विचारता."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, मी काय बोललो ते तिला नीट ऐकू आलं नसावं, असं. साहेब तिला म्हणाले, "राष्ट्रध्वजाची विटंबना करतेस? तुरुंगात टाकीन. काढ ते सगळं, इथंच." कुणीतरी पातं दिलं. कुणीतरी का म्हणतो मी... ते माझ्या खणातलं पेन्सिली तासायचं पातं होतं आणि ते मीच दिलं. ती टेबलापाशी आली. आणि कवड्यांना हात लावायच्या आधी तिनं ती कपबशी उचलली आणि खिडकीत ठेवली. साहेब ओरडले, "माझ्या कपाला हात का लावला?" ती म्हणाली, "झेंड्यावर होता साहेब." मग एकेक टाका कापत, कापड ताणू न देता, तिनं सगळ्या कवड्या काढल्या. सगळ्या तांड्यासमोर. तिच्या पोरासमोर. साहेबांनी शेरेबुक मागवलं, शाळेला भेट दिली की अधिकारी ज्यात आपला अभिप्राय लिहितात ते, आणि लिहून मोठ्यानं वाचलं: शाळेची पाणीवाली झमकू हिने राष्ट्रध्वजाची विटंबना केली, सबब तिला तात्काळ कामावरून कमी करण्यात यावे. मग दुसरा चहा घेतला आणि गेले. त्या दिवशी झेंड्याचा अपमान झाला हे खरं आहे. तो चहा पिणाऱ्यानं केला, दोरी खेचणाऱ्यानं केला, आणि त्याआधी त्यात खडू गुंडाळणाऱ्यानं केला. शेरा मात्र तिच्या नावावर पडला.

दोन दिवसांनी ती माझ्याकडं आली. "पाण्याचं काम गेलं त जाऊ द्या मास्तर. पण मी त्याची इज्जत काढली असं पुस्तकात लिवलं ना? थे खोटं हाय. थे तेवढं खोडा." तुम्ही खोटं बोललात, असं तिनं तेव्हाही म्हटलं नाही आणि पुढं कधीच म्हटलं नाही. तोंडाळ म्हणून प्रसिद्ध असलेली बाई, पण माझं पाप तिनं तांड्यात कुणाजवळ उघडं केलं नाही. मी म्हणालो, बघतो. शेरा खोडायचा तर आधी आपण खोटं बोललो हे वर लिहून द्यावं लागलं असतं, आणि मला तर नोकरीत कायम व्हायचं होतं. साठ साली माझी बदली झाली. मग राळेगावच्या बाजारात ती कधीमधी भेटायची. पोरं कशी आहेत, बायको कशी आहे विचारायची, पदराची गाठ सोडून माझ्या पोरीच्या हातावर शेंगदाणे ठेवायची आणि निघताना हळूच म्हणायची, "थे झालं का मास्तर?" मी हेडमास्तर झालो तेव्हाही मला पहिल्यांदा तिचीच आठवण आली. आनंदानं नव्हे, आता तर अजिबातच लिहून देता येणार नाही, म्हणून. शेवटची भेट गेल्या वर्षीची, यवतमाळच्या एसटी स्टँडवर. फार वाळली होती. तेव्हा तिनं विचारलं नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली, आणि मला हायसं वाटलं. हायसं... माणूस किती खाली जातो पाहा.

देवसिंग येऊन गेल्यावर पुढच्या रविवारी मी तांड्यावर गेलो. शाळा आता विटांची झाली आहे, पत्रे आहेत. नवे गुरुजी चांगले वाटले. मी जुनं शेरेबुक मागितलं. म्हटलं, निदान आता त्या शेऱ्याखाली खरं काय ते लिहून सही करावी. ते म्हणाले, "जुनं काहीच नाही सर. मी बासष्टला आलो तेव्हाच कपाटाला वाळवी लागलेली होती. सगळा चुरा झाला होता, मीच उचलून फेकला." मी विचारलं, त्यात काय होतं ते कुणी वाचलं होतं का? ते म्हणाले, "त्यात काय वाचायचं असतं सर?" म्हणजे निदान सहा वर्षं तो शेरा या जगात नव्हताच. कुणी वाचला नाही, कुणाला आठवत नव्हता. एक अक्षर न येणारी बाई तेवढी तो जपून बाळगत होती, आणि मी एकदा सायकल मारून इथं आलो असतो तरी तिला सांगू शकलो असतो, याडी, ते आता नाही. तेवढंही माझ्यानं झालं नाही.

निघताना गुरुजी म्हणाले, "यंदा आमच्याकडून एक चूक झाली सर. पंधरा ऑगस्टला संध्याकाळी झेंडा उतरवायचा राहिला. दर वेळी ती म्हातारी बाहेरून हाक द्यायची, गुरुजी, दिवस बुडून राह्यला. यंदा हाक आली नाही आणि माझ्या लक्षातच राहिलं नाही. झेंडा रात्रभर वरच." बाहेरून म्हणजे कुठून, मी विचारलं. बरोबर आलेल्या देवसिंगनं दाखवलं. कुंपणाच्या पलीकडं, मोहाच्या झाडाखाली एक सपाट दगड आहे. दर सव्वीस जानेवारीला, दर पंधरा ऑगस्टला ती आंघोळ करून तिथं येऊन उभी राहायची. सकाळी चढताना आणि संध्याकाळी उतरताना. "आत नाई आली कधी," देवसिंग म्हणाला. "मी म्हणो, चाल ना याडी आत. त म्हणे, पुस्तकात नाव हाय रे बापू, आत कशी जाऊ."

तिथंच, त्या दगडापाशी, मी देवसिंगला सगळं सांगितलं. कवड्या मी पाहिल्या होत्या, बेस केलं म्हणालो होतो, आणि मगच झेंडा चढवला होता. त्यानं डोक्याचं फडकं काढून दगडावरची माती झटकली. मग म्हणाला, "मले एकट्याले सांगून काय होते मास्तर? याडीले सगळ्या तांड्यासमोर बोलले होते. लोकं वावरातून आता येतीनच. त्याइच्या समोर सांगा." मी घड्याळात पाहिलं. म्हणालो, शेवटची एसटी चुकेल. आणि निघून आलो. हो, या खेपेलाही.

म्हणून हे इथं लिहिलं. टाके घालायला मीच सांगितलं होतं, कवड्या लावलेल्या पाहून मी शाबासकी दिली होती, आणि साहेबांसमोर मी खोटं बोललो होतो. झमकू याडीनं झेंड्याचा अपमान केला नाही. आम्हा सगळ्यांत त्याला मानानं वागवणारी ती एकटी होती. पण वर्तमानपत्राची ही पुरवणी तांड्यावर जात नाही आणि गेली तरी वाचणारे चारच. तेव्हा लेख छापून आला की त्या रविवारी मी तो घेऊन जाणार आहे आणि त्या दगडावर उभा राहून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणार आहे. देवसिंगला तसा निरोप धाडला. त्याचा उलटा निरोप काल आला, राळेगावच्या एका गाडीवानाबरोबर: "या म्हणा मास्तरले. पण वापसीची एसटी पाहू नोका म्हणा."