इंजिनातलं तेल
शिलाई मशीनला तेल सोडलं की त्या वासाने मला आमचं खोपोलीचं घर आठवतं. भाऊ छोट्या इंजिनाचं खेळण्यातलं विमान उडवून आला की आधी त्याच्या इंजिनात तेलाचे थेंब सोडायचा, पंखा हाताने फिरवायचा, मगच जेवायचा. नाहीतर उरलेलं इंधन ओल धरतं आणि आत गंज चढतो. त्या नादापायी कॉलेज सोडून तो घरातून निघून गेला, तेव्हा वडिलांनी मागे राहिलेलं इंजिन तेलाचा थेंब उरणार नाही असं पेट्रोलने स्वच्छ धुतलं आणि पावसाळाभर पागोळ्यांखाली टांगलं. दिवाळीला तो आल्यावर त्याच्याच फडक्यात गुंडाळून हातात दिलं. म्हणाले, "फिरव की रं." पंखा हलला नाही. आता वडिलांचे गुडघे धरलेत. तेल चोळायला बाई ठेवू या, असं मी परवा म्हटलं. भावाने त्यांची काठी उचलून कोपऱ्यात ठेवली. म्हणाला, "चाला की, बाबा."