दुलबासमोर वाघ बसला नव्हता

दुलबा गेल्याची बातमी मला दोनदा कळली. पहिल्यांदा भर दुपारी, त्याच्या घरातून रडणं ऐकू आलं तेव्हा. आमच्या घरांच्या मध्ये दोनच घरं. दुसऱ्यांदा कळली ती मागच्या आठवड्यात. सुप्याकडचा एक गाडीवान माझ्या अंगणात आला, डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि विचारलं, "दुलबामहाराजांनी समाधी घेतली ती जागा कुठं हाय वो?" मी म्हटलं, कोण महाराज? तो माझी कीव करत म्हणाला, "अवो, वाघ ज्येंच्या पायाशी बसायचा, त्ये!" मला इतका संताप आला की त्याला बस म्हणालो नाही की पाणी विचारलं नाही. हातानं नुसती वाट दाखवली आणि घरात आलो.

म्हणून हे लिहितो आहे. गावाचं नाव देत नाही. बाजारकुणंग सोडून दिग्गीकडं रानात शिरलं की लागणारं एक गाव, एवढं पुरे. आपलं साप्ताहिक इकडं येतं ते माझ्या एकट्याकडं, तेही सुप्याला कुणी गेलं तर. गावात वाचता येणारे आम्ही दोघेच होतो, त्यातला एक गेला. तेव्हा खरं लिहायला भिण्याचं काही कारण नाही. भित्रा मी आहेच, ते पुढं येईलच.

दुलबाचं घर आमच्यासारखंच. भाताची चार खाचरं आणि डोंगरउतारावरची कुमरी, म्हणजे झुडपं तोडून जाळायची आणि त्या राखेत नाचणी पेरायची. पंधरा वर्षांचा असताना बापाशी भांडून तो बेळगावला पळाला आणि एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला लागला. तिथं कुणा शास्त्रीबुवांच्या ग्रंथाचं काम आलं. देशोदेशींच्या ज्ञानी पुरुषांची चरित्रं, आणि लिहिणं काही संपेना, त्यामुळं जुळवणंही वर्षानुवर्षं चाललं. दुलबा म्हणायचा, "गुण्या, वाचणारा एक ओळ वाचतो न् पुढं जातो. मी एकेक अक्षर बोटानं उचललंय. ती माणसं माझ्या बोटात बसली." बाप गेल्यावर तो परत आला तेव्हा बरोबर बायको होती, पारू, खानापूरकडची, आणि डोक्यात ती सगळी माणसं. मला त्यानंच वाचायला शिकवलं. मी तेव्हा दोन पोरांचा बाप होतो, लाज वाटायची. तो म्हणायचा, लाजायचंच असेल तर न येण्याची लाज.

आमच्या देवळात दरसाल सप्ताह होतो. कीर्तनाला बाहेरचा बुवा यायचा, पण त्या वर्षी तापानं आलाच नाही. दुलबा उभा राहिला. मृदंगावर मी. पूर्वरंग त्यानं नेहमीसारखा केला आणि आख्यानाला काढला तो ग्रीस देशातला म्हातारा, लोकांना भर बाजारात अडवून प्रश्न विचारणारा, आणि त्यापायी ज्याला पंचांनी विषाचा पेला पाजला तो. काय रंगवला! विषाचा पेला ओठाला लागला तेव्हा बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मग पुढच्या ओळीतून एक म्हातारी ओरडली, "मग इखाचं आम्रुत झालं का न्हाई?"

"न्हाई," दुलबा म्हणाला. "मेला."

"मेला? मग देव आला आसंल इमानातनं."

"कुणी आलं न्हाई, मावशी. पाय गार पडले, मग वर गार पडत गेलं, न् मेला."

"मग सांगतोस कशाला रं मुडद्या?" म्हातारी म्हणाली, आणि सगळं देऊळ हसलं. दुलबाही हसला. पण दुसऱ्या दिवशी हीच म्हातारी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मग दरवर्षी दुलबाच उभा राहायचा. पिंपात राहणारा, राजाला 'उन्हातनं बाजूला हो' म्हणणारा फकिरासारखा माणूस आमच्या पोरांना पाठ झाला. रेड्यावर बसून देश सोडून गेलेला चिनी म्हातारा तर बायकांचा फार लाडका; त्या रेड्याचं पुढं काय झालं हे त्या दुलबाला अजून विचारायच्या. आणि एक काचा घासून पोट भरणारा, ज्याला त्याच्याच जातभाईंनी शाप देऊन वाळीत टाकलं, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या चार हातांच्या आत उभं राहायचं नाही... त्याचं आख्यान दुलबा लावी तेव्हा त्याचा आवाज बसायचा. चमत्कार मात्र तो एकाच्याही पदरात घालायचा नाही. मीच कितीदा म्हटलं, अरे, थोडं मीठमसाला टाक, लोकांना बरं वाटतं. तर म्हणायचा, "त्या माणसांनी जन्मभर खरं काय ते शोधलं, न् मी त्यांच्यावरच थापा मारू?"

मग सरकारनं कुमरी बंद केली. नाचणी पेरायची की नाही हे गावानं देवाला विचारलं. आमच्याकडं कौल लावतात तो असा, की देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. उजवी पडली. गावानं डोंगर जाळला, धूर पार लांबपर्यंत दिसला, आणि चौथ्या दिवशी जंगलखात्याचे गार्ड येऊन सात बाप्ये धरून घेऊन गेले. ते सुटून येईपर्यंत गावाची दातखिळी बसली होती. आले तेव्हा हाडं उरली होती. गावकर, म्हणजे आमच्या देवाचा आणि गावाचा मान ज्याच्याकडं तो, त्यानं देवळासमोर सगळ्यांना बसवून सांगितलं, की कौल खराच होता, पण देवळात म्लेंच्छांच्या कथा सांगितल्या गेल्या, देव विटाळला, म्हणून उजव्याचं डावं झालं.

दुलबा उठला. भांडला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. "गावकरमामा, एकच इचारतो. कथा आदी झाल्या, कौल मागनं लावला. मग कौल देताना देवाला त्ये ठावं नव्हतं व्हय?"

एवढंच. गावकराचा चेहरा मी पाहिला. ज्याला उत्तर सुचत नाही अशा माणसासारखा वैरी नाही. लगेच ठरलं की दुलबाचं आगपाणी बंद करायचं. विहीर बंद, देऊळ बंद, कुणी बोलायचं नाही, बोलेल त्याचंही तेच.

तेव्हा मी उठलो. मला सुचलं ते मी बोललो, आणि अगदी रंगवून बोललो, शेवटी त्याचाच मृदंगी मी. म्हटलं, पंचांनो, थांबा. गेल्या महिन्यात मी आणि दुलबा दिग्गीहून येत होतो, वाटेत वाघ आडवा आला. दुलबानं हात जोडले आणि वाघ कुत्र्यासारखा त्याच्या पायाशी बसला, मग उठून निघून गेला. ज्याला वाघ शिवला नाही त्याला तुम्ही वाळीत टाकणार? काय सांगू... कीर्तनातल्या त्या म्हातारीनं तर जागेवरूनच नमस्कार केला. गावकराचा हात मिशीवरून खाली आला. आणखी घटकाभर दुलबा गप्प बसला असता तर सुटला होता!

"खोटं हाय," दुलबा म्हणाला. "वाघ न्हवता, रानडुक्कर व्हतं. आन् मी झाडावर चढलो. चढताना धोतार फाटून खाली पडलं, त्ये गुण्यानंच वर फेकलं."

लोक हसले. पोट धरून हसले. आणि हसत हसतच त्यांनी त्याला वाळीत टाकलं. घरी जाताना मी त्याला शिव्या घातल्या. म्हटलं, तुझं काय गेलं असतं रे? तो म्हणाला, "गुण्या, तुजं मन मला कळलं. पण आता बोलू नको माज्याशी, कुणी बघंल." आणि मी, गाढवानं, त्याचं लगेच ऐकलं. मुलीची सोयरीक जुळत आली होती. दीड वर्ष मी त्याच्याशी बोललो नाही. तो अंगणातून माझ्याकडं बघून मान हलवायचा, मी बैलांकडं बघायचो.

पाणी ती दोघं लांबच्या ओहोळावरून आणायची. चैत्रात ओहोळ आटला, वाळूत खड्डा खणून वाटी-वाटीनं भरायचं. त्यातच दुलबाला हिंवतापानं धरलं. एके दिवशी सकाळी पारूवैनी माझ्या कुंपणाबाहेर येऊन उभी राहिली. आत आली नाही. "भावजी, खड्ड्यात गाळ लागलाय. त्येंची जीभ कोरडी पडलीया. घागरभर पाणी द्या." माझ्या ओसरीवर भरलेल्या दोन घागरी होत्या, तिला दिसत होत्या. समोर गावकराची सून झाडत होती. मी म्हटलं, "वैनी, सांजंला आणून देतो." ती रिकामी घागर घेऊन ओहोळाकडं गेली. ती परत यायच्या आत दुलबा गेला. ...हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. खांदा द्यायला बाजारकुणंगहून त्याच्या बहिणीकडचे चौघे आले. गावातून कुणी नाही. मीही नाही.

पंधरा दिवसांनी वाघानं गावकराच्या गोठ्यातली गाय मारली. त्याच रात्री तो पारूवैनीच्या अंगणातून गेला होता, सकाळी धुळीत पावलं सापडली, आणि तिचं वासरू दावणीला जसंच्या तसं उभं. वासरू म्हणजे नुसता सापळा, वाघाला त्यात काय दिसणार! पण गावाला माझी जुनी थाप आठवली. दोन दिवसांत ओहोळाच्या वाटेवर धोंडा उभा राहिला, त्याला शेंदूर लागला, आणि गावकर स्वतः माझ्या ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, "गुणाप्पा, तूच येक साक्षीदार. त्येच्या मासिक शिराद्धाला सगळ्यांम्होरं सांग त्यो परसंग." मी हो म्हटलं. मनात ठरवलं होतं, की आता सगळ्यांच्या तोंडावर सांगायचं. वाघ नाही, डुक्कर नाही, पाणी सांगायचं. कुणी कुणी दिलं नाही ते नावानिशी, आणि पहिलं नाव माझं.

मासिकाच्या सकाळी वैनी आली. पुन्हा कुंपणाबाहेरच. गाव धोंड्याला नारळ फोडत होतं, पण तिला विहिरीवर अजून कुणी बोलावलं नव्हतं. तिचं माहेर केव्हाच बुडालं, जाणार कुठं? म्हणाली, "भावजी, आज वाघाचं सांगा."

मी म्हटलं, "वैनी, दुलबा असता तर थुंकला असता माझ्या तोंडावर."

"त्ये असते तर खरंच बोलले असते," ती म्हणाली. "त्ये न्हाईत. मी हाय. मला पाणी पायजे."

मी सांगितलं. वाघ सांगितला, त्याची शेपटी सांगितली, दुलबाच्या पायाशी टेकवलेलं डोकं सांगितलं. मृदंग न वाजवताही ताल धरला. लोक रडले. गावकर सगळ्यांत मोठ्यानं रडला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांनी वैनीला वाट करून दिली. गावकराच्या सुनेनं स्वतः पोहरा ओढून तिची घागर भरली आणि तिच्या पायाला हात लावला. वैनी घागर डोक्यावर घेऊन माझ्या दारावरूनच घरी गेली. मी ओसरीवर उभा होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.