गवताभोवतीची आंबील

"काका, अण्णा गेले," असा अण्णांच्या मुलाचा, मल्लूचा फोन आला तेव्हा मी लोहाऱ्याच्या स्टँडवर भजी खात होतो. खरं सांगतो, मला वाटलं म्हातारा पुन्हा सोंग करतोय. मेल्याचा निरोप धाडून मला माकणीला बोलवायचं आणि मी रडत पोचलो की बाजेवरून उठून "आलास का रं नाटक्या?" म्हणून खदखदा हसायचं, हे त्यांनी एकदा केलं होतं. या वेळी बाजेवरून कुणी उठलं नाही…

अण्णा बियाण्यांचे व्यापारी. धरणाच्या पाण्यावर त्यांचा ऊस, आणि त्याला लागून मुद्दाम पडीक ठेवलेला गवताचा माळ. तिथं खोकडं राहायची. खोकड म्हणजे मांजराहून थोडा मोठा, शेपटीचं टोक काळं असलेला कोल्हा. मी डिवचायचो, "अण्णा, तुमची माळावरची खोकडं नाकतोडे खाऊन काडीपैलवान! शेतातली बघा, उंदीर, खेकडे, भुईमुगाच्या शेंगा… जावयासारखी सुटलीत."

"सुटलीत व्हय. पण गेल्या साली बांधावर होती, ती कुठं हायेत?"

बांध नांगरला की बीळ पिल्लांसकट जायचं. उसात कुत्रं अंगावर येईस्तोवर दिसायचं नाही. "आखूड गवतात त्याला मरण लांबून दिसतं रं. पळायला सवड मिळती," अण्णा म्हणायचे. शेतात दर साली नवी, गुबगुबीत खोकडं यायची आणि दर साली नाहीशी व्हायची… माळावरची रोडकी जोडी मात्र टिकून.

वेळ अमावस्येला सगळा गाव पिकाभोवती ताकाची आंबील शिंपत फिरतो. अण्णा गवताभोवतीही फिरायचे. "तिथं काय पिकतंय हो?" मी ओरडायचो. "शेपट्या!" अण्णा तिकडून.

यंदा आंबिलीचं मडकं मल्लूकडं होतं. 'ओलगे ओलगे' असा सणाचा पुकारा करत तो उसाभोवती फिरला आणि गवताच्या कडेला थांबला. गवतावर चुन्याच्या रेघा होत्या. पलीकडं जेसीबी, त्याच्या सावलीत गावची कुत्री.

"उद्या सपाट करायचं, काका. ऊस लावतो."

"अन् खोकडं?"

"जातील की उसात. जावयासारखी सुटतील!"

वाक्य माझंच होतं. हसू मात्र आलं नाही. त्याच्या हातातलं मडकं घेऊन मी अण्णांच्या वाटेनं गवताभोवती निघालो. निम्म्यातच आंबील संपली, तरी रिकाम्या मडक्यात हात बुडवून शिंपत राहिलो… ऊन कललं होतं. बिळाच्या तोंडाशी खोकड उभं होतं, कान टवकारून. माझ्याकडं नाही, जेसीबीकडं बघत. त्याला लांबूनच दिसलं होतं. पळायला सवडही होती. चहूकडं फक्त ऊस होता.