रविवारचा वस्तरा

समजा, तुमच्या हातात शंभर वर्षांचा वस्तरा आहे आणि त्याला धार लावायची आहे. सहाण ओली करा. पातं सपाट झोपवा; पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकलेल्या हव्यात. आता धार पुढे ठेवून, दगडावरून पापुद्रा काढल्यासारखं सरकवा. टोकाला पोचलात की पाठीवर उलटवा आणि तसेच परत या. असं दोनशे वेळा. मग चामड्याच्या पट्ट्यावर साठ वेळा, या वेळी पाठ पुढे. मध्येच शिंक आली तर पहिल्यापासून.

एवढं जमलं तरी शेफील्डच्या आयडा स्टॅनिफोर्थ पातं उजेडात धरतील आणि म्हणतील, "छान. आता याने चीज काप."

आयडाबाई एकसष्ट वर्षांच्या. लग्न केलं नाही. वडिलांचा वस्तऱ्यांचा कारखाना त्याच चालवतात. तिथे मागच्या बाकावर विल्फ डंगवर्थ वस्तऱ्यांना शिंगाच्या मुठी बसवतो. त्यानेही केलं नाही. दोघांच्या न झालेल्या लग्नाचं कारण एकच: आयडाबाईंचे वडील एनॉक. रविवार देवाचा, त्या दिवशी वस्तऱ्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. रविवारी सकाळी ते खुंट वाढलेल्या गालांनीच चॅपेलात बसत. आणि हा विल्फ, विधवा आईचा एकुलता एक, तेहेतीस साली नेमका रविवारी गुळगुळीत दाढी करून मागणी घालायला आला. एनॉकनी त्याला चहाही न विचारता वाटेला लावलं. आयडाबाईंनी वडिलांची बाजू घेतली.

यंदा, एकाहत्तर साली, चॅपेलला शंभर वर्षं झाली. तिथल्या काचेच्या कपाटात एनॉकची सात वस्तऱ्यांची पेटी ठेवायचं ठरलं. प्रत्येकाच्या पाठीवर एकेका वाराचं नाव कोरलेलं. पेटी इतकी वर्षं थोरल्या बहिणीकडे कुलपात होती. ती वारली तेव्हा आयडाबाईंकडे आली. पाद्र्याने पाटीही लिहून पाठवली: 'याने रविवारचा वस्तरा कधी उघडला नाही.' आयडाबाईंनी ती पाटी दिवसातून तीनदा वाचली.

सहाणेवर धारेबरोबर पाठही झिजते. तिथे चकचकीत पट्टी पडते, आणि ती ज्याच्या त्याच्या हाताची असते. एनॉकच्या उजव्या अंगठ्याचं पेर कारखान्यात गेलं होतं, म्हणून त्यांची पट्टी मुठीकडे रुंद, टोकाकडे निमुळती.

शनिवारी आयडाबाईंनी पेटी उघडली. सहा वस्तऱ्यांवर पट्टी जेमतेम दिसत होती. रविवार काढला आणि त्यांनी भिंग पुसलं. मग चष्मा पुसला. मी शनिवारी त्यांच्याकडे धार लावायला शिकायला जातो, एरवी पोलादाच्या प्रयोगशाळेत कामाला; म्हणून पट्टी मोजायचं मला सांगितलं.

"बाकीच्यांच्या तिप्पट," मी म्हणालो.

"तुझं माप बिघडलंय."

विल्फ उठून आला, वाकून बघितलं. "हात तर तुझ्या बापाचाच."

"तू गप्प बस."

"अडतीस वर्षं तेच करतोय."

"कुणी उसना नेला असेल."

"आणि अंगठाही?"

आयडाबाईंनी वस्तरा खाली ठेवला. "चॅपेलात खुंट असायचे त्यांना. पापा घेतला की टोचायचे."

"ते सकाळी. संध्याकाळी काय करायचे?"

"आजाऱ्यांना भेटायला जायचे. एकटेच."

"आजारी माणसाला गालाचं काय? तरी, एखादीला बरं वाटत असेल."

आता सहाण विल्फच्या डोक्यात बसणार, असं मला वाटलं. आयडाबाईंनी ती फक्त ओली केली आणि रविवारला धार लावली. एकही फेरा चुकला नाही, पण आकडे त्या मोठ्याने मोजत होत्या. तसं त्या कधी करत नाहीत.

पेटी चॅपेलात पोचली. त्यात सहाच वस्तरे होते. पाद्र्याच्या पाटीमागे आयडाबाईंनी लिहिलं होतं: 'सातवा वापरात आहे.'

दुसऱ्या दिवशी चॅपेलात भजनं चालू असताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रविवारी कारखाना उघडला आणि विल्फला खुर्चीत बसवलं. फेस लावला. डावा गाल झाला, उजवा झाला. पातं गळ्याशी आलं तेव्हा हात थांबला.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या. "विल्फ, तुझ्या आईला रविवारी संध्याकाळीच बरं नसायचं का रे?"