आमचं दोघींचं डाएट

मुलगी अकरावीत गेली तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, "चल, आपण दोघी मिळून डाएट करू." डिसेंबरात नागपूरला माझ्या भाच्याचं लग्न होतं, आणि बँकेत दिवसभर खुर्चीवर बसून माझे ब्लाउज दंडाला रुतायला लागले होते. तिला वजन कमी करायची काही गरज नव्हती. मला सोबत हवी होती. साखर बंद, रात्रीचा भात बंद. माझं पंधरा दिवसांत संपलं, तिचं संपलं नाही.

आम्ही लखनऊत अकरा वर्षं आहोत. तिचे पप्पा अमौसीला विमानतळावर शिफ्ट ड्युटी करतात, मी इंदिरा नगरच्या एका शाखेत. मुलीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. पावसाळ्यात कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "बिटिया कितनी स्मार्ट हो गई." आणि मी खुशीत येऊन आमच्या डाएटचं सांगायचे.

आधी भात गेला, मग पोळी, मग तेलाचा तवंग दिसला की भाजी. स्वयंपाकघरात मात्र ती सारखी असायची. पप्पांसाठी केक करायची, माझ्यासाठी पराठे लाटायची आणि आम्ही खाताना बघत बसायची.

"तू घे ना."

"मैंने खा लिया, मम्मी."

ऑक्टोबरात आम्ही पंखा लावायचो आणि ती स्वेटर घालून बसायची. कंगव्यात केसांचे पुंजके निघायचे. पाळी बंद झाल्याचं तिनं चार महिने लपवलं. मी थायरॉइड तपासून घेतलं, जंताचं औषध दिलं, आणि आमच्या बौद्ध घरात जे कधी कोणी केलं नव्हतं ते केलं, तिची नजर काढली.

नोव्हेंबरात शाळेत प्रार्थना चालू असताना ती पडली. हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी ईसीजीची पट्टी दोनदा बघितली. मी म्हणाले, "ज़िद्दी है, खाती नहीं है."

"यह ज़िद नहीं है, बीमारी है," त्या म्हणाल्या. "भूखा शरीर पहले चर्बी खाता है, फिर मांसपेशियाँ. दिल भी मांसपेशी ही है. इसका दिल बहुत धीमा चल रहा है."

दुसऱ्या दिवशी मी वरण-भात नेला, वर तूप घालून. ती घाबरलेली होती, म्हणून असेल, तिनं तोंड उघडलं. इतक्या महिन्यांनी. मी चमचा पुढे केला आणि नर्सनं माझा हात धरला. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम जेवण दिलं तर रक्तातले क्षार बिघडतात, हृदय बंद पडू शकतं. आता सगळं मोजून, डॉक्टर सांगतील तेवढंच. मी डबा घेऊन बाहेर आले. तिचे पप्पा ड्युटीवरून तसेच, युनिफॉर्ममध्ये आले होते. त्यांनी विचारलं, "हे डाएटचं खूळ तूच काढलं होतंस ना?"

मी हो म्हणाले. पुढे मानसोपचाराच्या डॉक्टरांनी समजावलं की हा आजार एकट्या डाएटनं होत नाही, त्यामागे बरंच काही असतं. ते मला पटतं. पण पटलं म्हणून झोप येते असं नाही.

महिन्याभरानं ती घरी आली. दिवसातून सहा वेळा खायला द्यायचं, समोर बसायचं, वाद घालायचा नाही, उठायचं नाही, ओकून टाकू नये म्हणून खाल्ल्यावर तासभर तिला बाथरूममध्ये एकटं सोडायचं नाही. पहिल्या दिवशी एका पोळीला दीड तास लागला. तिनं माझ्यापुढे हात जोडले. "मम्मी, प्लीज़. सिर्फ़ आधी रोटी." पोरगी हात जोडून मला जेवण कमी दे म्हणत होती आणि मला नाही म्हणावं लागत होतं. तिच्या दप्तरात रुमालात गुंडाळलेले पोळीचे तुकडे सापडायचे, बुरशी आलेले.

एकदा मी तिचा जबडा धरून घास कोंबला. तिनं तो थुंकून टाकला. मी तिला मारलं. ती रडली नाही. गाल धरून शांतपणे म्हणाली, "भूख लगती है मुझे. रोज़ लगती है. खाया नहीं जाता."

तिला भूकच लागत नाही असं मी इतके महिने धरून चालले होते.

मार्चमध्ये वजन वाढलं, मेमध्ये पुन्हा उतरलं, पुन्हा ॲडमिट केलं. शाळेचं वर्ष गेलं. तपासणीत कळलं की तिची हाडं माझ्या आईच्या वयाच्या बाईची असावीत तशी विरळ झालीत. बरी होईल का, असं मी दर वेळी विचारते. बऱ्याच मुली होतात, वर्षं लागतात, असं डॉक्टर म्हणतात. हिचं काय होईल ते सांगत नाहीत. मी लांबलचक रजेवर आहे. कोणी तिची चौकशी करायला फोन केला की "ठीक है" म्हणते आणि ठेवते.

काल दुपारी दीड पोळी, दोडक्याची भाजी, वाटीभर दही. पन्नास मिनिटं. शेवटचा घास तिनं गालात धरून ठेवला. मी बघतेय हे तिला माहीत होतं.

"गिळ, बाळा."

बऱ्याच वेळानं तिनं गिळला. मग आम्ही तासभर बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. चारला तिला दूध द्यायचं होतं.