बेलवरची दोन नावं

जर्मनीतल्या येना शहरात, आमच्या इमारतीत सगळ्यांत कडवे जर्मन कोण, तर मोझांबिकचे मामा. पूर्व जर्मनी असताना कारखान्यात कामाला आलेले, पुढे आमचे हाउसमाइस्टर झाले. इमारतीची देखभाल त्यांच्याकडे. 'मामा' हे नाव माझ्या मुलीने दिलेलं. कागदाच्या डब्यात कुणी प्लास्टिक टाकलं की मामा ते काढून त्याच्याच दारात नेऊन ठेवत. "नियम सगळ्यांना सारखा, हीच तर त्याची गंमत," असं म्हणत.

त्यांचं हाडवैर दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राऊ लेविन यांच्याशी. त्या ऐंशीच्या, ज्यू, निवृत्त शिक्षिका, आणि जिना पुसायची पाळी हटकून विसरणाऱ्या. त्यावरून दोघं बारा वर्षं भांडत होते.

गेल्या निवडणुकीत 'परक्यांना परत पाठवा' म्हणणाऱ्या पक्षाला आमच्या भागात भरघोस मतं पडली. आठवडाभरात फ्राऊ लेविन यांच्या बेलवरचं नाव कुणीतरी काळ्या रंगाने खोडलं. रहिवाशांच्या बैठकीत घरमालकाच्या माणसाने अगदी आपुलकीने सुचवलं, की बाईंनी काही दिवस नाव काढूनच ठेवावं. उगाच लक्ष वेधायला नको. आम्ही समजूतदारपणे माना डोलावल्या. माझी नागरिकत्वाची फाइल चालू होती, म्हणून मी जरा जास्तच डोलावली.

मामा एवढंच म्हणाले, की बेलवर नाव हवं, असा नियम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पितळी पाटी होती. वर लेविन, खाली मामांचं नाव. मामा त्या मजल्यावर राहतही नव्हते. बाईंनी कारण विचारलं.

"आता खोडणाऱ्याला दोघांना खोडावं लागेल," मामा म्हणाले. "आणि जिना तुम्ही अजून पुसलेला नाही."

महिन्याभरात मामांना कामावरून काढल्याचं पत्र आलं. परवानगीशिवाय पाटी बदलली, हे कारण. तसाही एक नियम होता.

निषेधाचा कागद घेऊन फ्राऊ लेविन काठी टेकत दारोदार फिरल्या. मी त्यांना माझ्या फाइलची अडचण सांगितली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुमच्याकडे आले."

मी सही केली. आधी कुणाकुणाची झाली आहे, ते नीट वाचून.

नोकरी वाचली नाही. मामा त्यांच्या मुलीकडे लाइपझिगला गेले. निरोप घेताना म्हणाले, "आल्झो, तर मग, तुमची सही उशिरा आली. पण आली." फ्राऊ लेविन त्यांना ट्रामपर्यंत पोचवायला गेल्या. जाताना दोघं कशावरून तरी भांडतच होते.

पुढे मला नागरिकत्व मिळालं. त्या समारंभात राज्यघटनेचा मान राखीन, अशी प्रतिज्ञा मोठ्याने वाचावी लागते. बेलवरची दोन नावं आठवून मी मधेच अडखळलो. अधिकारी बाईंना वाटलं, माझं जर्मन कच्चं आहे.