न विचारता वाढणारी बाई

ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसमधलं आमचं लाडकं हॉटेल एका सुमात्राच्या बाईचं होतं. बसलं की ती न विचारता दहा-बारा बशा टेबलावर मांडायची. तिकडची रीतच तशी. हवं ते खायचं, तेवढ्याचेच पैसे द्यायचे, बाकीचं परत जायचं.

एकदा शेजारच्या टेबलावरचा गोरा खेकसला, "हे मी मागवलंच नाही!" त्यानं बशा भिंतीवर भिरकावल्या आणि एक त्या हरामखोरानं बाईच्या तोंडावर फोडली. मी त्याला बखोटीला धरून रस्त्यावर फेकलं, तरी माझे हात शिवशिवतच होते.

महिन्याभरानं बायको आणि मी पुन्हा गेलो. बाईच्या भुवईवर टाक्यांचा व्रण होता. टेबलापासून चार हात लांब उभी राहून तिनं आम्हालाही विचारलं, "काय आणू?"